पाचोऱ्याचा बाप्तिस्मा आणि त्रैक्याचा प्रश्न : आमच्या कुटुंबाच्या गटावरील चर्चा

आबा, भुसावळ : सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. काल रात्री पाचोऱ्याहून नातीच्या बाप्तिस्म्याची पत्रिका गटावर आली. आनंदाचीच बातमी आहे. परंतु पत्रिकेच्या तळाशी ‘केवळ प्रभू येशूच्या नावाने’ असे छापलेले वाचले आणि मला झोप लागली नाही. मागे जे झाले ते मी पुन्हा उकरून काढत नाही. मात्र या घराण्यात आजोबांपासून प्रत्येकाचा बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला आहे, कारण एकच देव या तीन व्यक्तींत आहे, यालाच आपण त्रैक्य म्हणतो. मत्तय २८:१९ मध्ये प्रभूने स्वतः दिलेली आज्ञा बदलण्याचा अधिकार कोणाला मिळाला, एवढेच मला विचारायचे आहे.

जिभाऊ, नंदुरबार : सर्वांनी १ योहान ५:७ वाचावे. स्वर्गात साक्ष देणारे तीन आहेत, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत. यापुढे चर्चेची गरज उरत नाही.

दादा, पाचोरा : आबा, सलाम. आपल्याला दुखावण्याचा हेतू नाही. परंतु प्रेषित पेत्राने पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, लोकांना येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घेण्यास सांगितले (प्रेषितांची कृत्ये २:३८), आणि कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरीही तसेच झाले (१०:४८). प्रेषितांनी जे केले तेच आम्ही करतो. देव एकच आहे, हे अनुवाद ६:४ सांगते. तोच पिता म्हणून निर्माण करतो, पुत्र म्हणून तारतो आणि आत्मा म्हणून आपल्यांत राहतो. “ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे,” असे प्रभू योहान १४:९ मध्ये म्हणतो, आणि यशया ९:६ मध्ये जन्मणाऱ्या बाळाला ‘सनातन पिता’ म्हटले आहे. तेव्हा वेगळे तीन मानण्याचे कारण काय?

वहिनी, धुळे : भाऊजी जे म्हणत आहेत त्यात वावगे काय आहे, हे मला समजत नाही. आमच्या शब्बाथशाळेतही मुलांना पाणी, बर्फ आणि वाफ यांचेच उदाहरण देतात. वस्तू एकच, रूपे तीन.

काका, चाळीसगाव : सोहळा होणार हे नक्की ना? वरणबट्टी किती जणांची सांगायची, तेवढे अगोदर ठरवा, देवशास्त्र जेवताना पाहू.

आबा, भुसावळ : विषय गंभीर आहे. जेवणाचे नंतर बोलू.

आत्या, जळगाव : मुलांनो, मी सकाळपासून वाचते आहे. आधी धुळ्याच्या वहिनींना उत्तर देते, कारण त्या उदाहरणातच सगळी अडचण आहे. एकच पाणी एका वेळी बर्फ होऊन वाफेशी बोलत नाही. परंतु यार्देन नदीवर (मत्तय ३:१६-१७) पुत्र पाण्यातून वर येत आहे, आत्मा त्याच्यावर कबुतरासारखा उतरत आहे आणि पित्याचा आवाज स्वर्गातून ऐकू येत आहे. तिघे त्याच क्षणी तेथे आहेत. एकच व्यक्ती पाळीपाळीने तीन रूपे घेते असे मानले, तर गेथशेमाने बागेत ‘अब्बा, बापा’ म्हणून प्रभूने कोणाची विनवणी केली, आणि वधस्तंभावरचा टाहो कोणाला ऐकवण्यासाठी होता? तो स्वतःशीच बोलत होता, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

हा विचार नवा नाही. तिसऱ्या शतकात सबेल्लिय नावाच्या शिक्षकाच्या नावाने तो ओळखला गेला, आणि त्याच्याही आधी कार्थेजच्या तर्तुल्यान या ख्रिस्ती लेखकाने, असेच शिकवणाऱ्या प्रक्सेयाविरुद्ध लिहिताना, तुम्ही पित्यालाच वधस्तंभावर खिळले, असा आरोप केला होता. अलीकडच्या काळात, १९१३ च्या सुमारास, अमेरिकेतील पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या, मंडळ्यांत ‘केवळ येशूच्या नावाने’ ही शिकवण पुन्हा उभी राहिली. आणि १९१६ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल मंडळीनेच ती नाकारून त्रैक्याची बाजू घेतली. म्हणजे हा वाद जुन्या मिशनच्या मंडळ्या आणि नव्या मंडळ्या यांच्यातला आहे, असे कोणी समजू नये.

जिभाऊ, नंदुरबार : म्हणूनच म्हणतो, १ योहान ५:७. तिघे एक आहेत. स्पष्ट लिहिलेले आहे.

दादा, पाचोरा : आत्या, आपण योहान १४:९ चे उत्तर दिले नाही.

आत्या, जळगाव : देते. ज्याने पुत्राला पाहिले त्याने पित्याला पाहिले, कारण पुत्रामध्ये पित्याचे सगळे देवपण आहे. तो पित्याहून कमी किंवा निराळा देव नाही. पण त्याच अध्यायात, सोळाव्या वचनात, तो म्हणतो की मी पित्याला विनंती करीन आणि तो तुम्हांला ‘दुसरा’ कैवारी, म्हणजे पवित्र आत्मा, देईल. विनंती करणारा, देणारा आणि जो दिला जातो, हे तिघे एकमेकांच्या जागी ठेवून पाहा, वचनाचा अर्थच उरत नाही. त्याहून ठाम जागा योहान ८:१७-१८ आहे. दोघांची साक्ष खरी, असे नियमशास्त्र सांगते, हे सांगून प्रभू म्हणतो की मी एक साक्षीदार आणि मला पाठवणारा पिता दुसरा. तेथे व्यक्ती एकच असेल, तर साक्षीदार एकच उरतो. यशयातील ‘सनातन पिता’ हे येणारा राजा आपल्या प्रजेचा सर्वकाळ कसा सांभाळ करील, त्याविषयी आहे.

वहिनी, पाचोरा : आत्या, आपल्याविषयी आदर आहे, म्हणून बोलते. सासूबाईंच्या अंत्यविधीत यांना प्रार्थनासुद्धा करू दिली नाही. यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा भुसावळहून एकही माणूस आला नाही. आता मुलीची वेळ आली, तर सगळ्यांना पवित्र शास्त्र आठवले.

आबा, भुसावळ : त्या दिवशी प्रार्थना कोणी करायची हे पाळकसाहेबांनी ठरवले होते, मी नव्हे. आणि एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा का घेतला, हे अजूनही मला कोणी सांगितलेले नाही.

मावशी, नवापूर : आबा, वहिनी, दोघांनाही हात जोडते. हे समोरासमोर बसून बोलायचे आहे. येथे लहान मुलेही वाचतात. आत्यांना पूर्ण बोलू द्यावे.

जिभाऊ, नंदुरबार : १ योहान ५:७ या वचनावर अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

आत्या, जळगाव : जिभाऊ, रागावू नका. मी त्रैक्यावर मनापासून विश्वास ठेवते, म्हणूनच ते वचन पुढे करत नाही. ‘स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द आणि पवित्र आत्मा’ हे शब्द जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आढळत नाहीत. ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध करणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आपल्या आवृत्त्यांत ते घेतलेच नव्हते. टीका झाल्यावर १५२२ च्या आवृत्तीत घातले, आणि तेथून ते पुढच्या छापील शास्त्रांत गेले. पुढे आपल्या मुलामुलींना कोणी हे दाखवले आणि आपला सारा भार त्या एका ओळीवर असला, तर विश्वास खचेल. त्या ओळीवाचून चौथ्या शतकात निकेयाच्या सभेत जमलेले धर्माध्यक्षही त्रैक्याविषयी बोलले आणि आलेक्सांद्रियाचा धर्माध्यक्ष अथनासियसही बोलला.

जिभाऊ, नंदुरबार : माझ्या वडिलांनी नवापूर तालुक्यात पायी फिरून याच वचनावर उपदेश केला. त्यांचे सगळे खोटे ठरले काय?

आत्या, जळगाव : मुळीच नाही. तुमच्या वडिलांनी जे सांगितले ते खरेच होते. त्याचा आधार संपूर्ण नव्या करारात आहे. प्रत्येक उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब ज्या शब्दांनी आशीर्वचन देतात, ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता, ते २ करिंथ १३:१४ आहे, आणि पौलाने ते पहिल्या शतकातच लिहिले आहे.

जावई, अमळनेर : सर्व वडीलधाऱ्यांना नमस्कार. मी तुमच्या मंडळीत जन्मलो नाही, तरी एक विचारण्याची परवानगी असावी. आमच्या घरी दत्तात्रेयाची पूजा होते, तीन शिरे, एक देव, आणि माझ्या आईला लग्नापासून वाटते की तुमचे त्रैक्य तेच असावे. शिवाय अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये उभारलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात जाणे-येणे असते, तेथे वाचताना कळले की बंगालमध्ये ब्राह्म समाजाचे केशवचंद्र सेन यांनी १८८२ मध्ये आणि पुढे ख्रिस्ती झालेले ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी त्रैक्याला सच्चिदानंद म्हणून संबोधले. हे तुम्हांला मान्य आहे काय?

आत्या, जळगाव : जावईबापू, तुम्ही विचारले याचा आनंद झाला. उपाध्यायांचे सच्चिदानंदावरचे संस्कृत स्तोत्र मला प्रिय आहे, कारण त्यात देवाला त्याच्या स्वतःच्या आनंदात पाहिले आहे, केवळ जगाशी असलेल्या नात्यात नव्हे. तरी सत्, चित् आणि आनंद ही एकाच तत्त्वाची लक्षणे म्हणून ऐकली, तर त्यांत एकाने दुसऱ्यावर प्रीती करणे राहत नाही. उपाध्यायांनी त्या शब्दांत पिता आणि पुत्र यांचे नाते भरले, म्हणून ते स्तोत्र ख्रिस्ती झाले. दत्तात्रेयाविषयी तुमच्या आईंचा भाव मी मान देऊन ऐकते. परंतु आम्ही देवाचे तीन अंश किंवा तीन देवांचे एकत्र रूप मानत नाही. पिता पूर्ण देव आहे, पुत्र पूर्ण देव आहे, आत्मा पूर्ण देव आहे, आणि देव एकच आहे.

माझ्या मनातली मुख्य गोष्ट येथेच आहे. योहान १७:२४ मध्ये प्रभू पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. कोणी माणूस नव्हता, देवदूत नव्हता, तेव्हाही देवामध्ये प्रीती होती, कारण पिता होता, पुत्र होता आणि आत्मा होता. देव प्रीती आहे, असे योहान लिहितो (१ योहान ४:८), ते यामुळे अनादिकाळापासून खरे आहे. देव एकटाच असता, तर प्रीती करण्यासाठी त्याला जग निर्माण होईपर्यंत थांबावे लागले असते. त्रैक्य काढून टाकले की देवाविषयीचे हेच वाक्य आपण गमावतो. म्हणून बाप्तिस्म्याचे शब्द मला जिवाचे वाटतात.

दादा, पाचोरा : आत्या, हे मी प्रथमच असे ऐकतो आहे. परंतु योहान १४:२८ मध्ये पिता माझ्याहून थोर आहे असे आहे, आणि मार्क १३:३२ मध्ये तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. पुत्र निराळा म्हटला, तर तो धाकटा देव ठरत नाही काय? त्यापेक्षा एकच म्हणणे सुरक्षित आहे.

आत्या, जळगाव : नेमका हाच प्रश्न आलेक्सांद्रियाच्या आरिय नावाच्या पाळकाने उचलला आणि उत्तर उलटे दिले, की पुत्र ही पित्याने केलेली पहिली निर्मिती आहे. ३२५ मध्ये निकेयाच्या सभेने ते नाकारले. पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असे ठरवले. अथनासियसला यासाठी पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. त्याचा आग्रह असा होता, की जो स्वतः निर्मिती आहे तो आपल्याला देवापर्यंत नेऊ शकत नाही. ‘थोर’ आणि ‘ठाऊक नाही’ ही वचने फिलिप्पै २:६-७ सोबत वाच. देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले. दास म्हणून चालत असताना तो हे बोलतो आहे. पवित्र आत्म्याविषयी वाद राहिला होता, तो ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेत पुढे गेला. पण हनन्या नावाच्या माणसाने आत्म्याशी खोटे बोलणे म्हणजे देवाशी खोटे बोलणे, हे पेत्राने प्रेषितांची कृत्ये ५:३-४ मध्ये आधीच सांगितले होते.

आता तुझे प्रेषितांची कृत्ये २:३८. ते पुस्तक लिहिणारा लूक ‘येशूच्या नावाने’ लिहितो, तेव्हा हा बाप्तिस्मा यार्देनवर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा नसून ख्रिस्ताचा आहे, हे तो सांगतो. इफिसातल्या शिष्यांनी पवित्र आत्म्याविषयी ऐकलेच नाही म्हटल्यावर पौल लगेच विचारतो, मग तुमचा बाप्तिस्मा कसला झाला (१९:३)? ख्रिस्ती बाप्तिस्मा घेतलेल्याला आत्म्याचे नाव ठाऊक नसेल, असे त्याला वाटतच नव्हते. आणि दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोमच्या सम्राटाला लिहून कळवले, तेव्हा बाप्तिस्मा तिघांच्या नावाने होत होता.

दादा, पाचोरा : मुलगी माझ्या शेजारी बसून हे सगळे वाचते आहे. तिचा प्रश्न आहे, की प्रार्थना करताना तिने कोणाशी बोलायचे, तिघांशी की एकाशी?

आत्या, जळगाव : पोरीने फार चांगले विचारले. तिला सांग, इफिस २:१८ काढ. आपण ख्रिस्ताच्या द्वारे, एका आत्म्यामध्ये, पित्याजवळ जातो. तू ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतेस तेव्हा पुत्राने तुला तसे म्हणण्याचा हक्क दिलेला असतो, आणि रोम ८:२६ प्रमाणे, शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा तुझ्यासाठी विनंती करतो. येशूशी बोललीस तरी चालेल. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याने मरताना तसेच केले.

आबा, भुसावळ : आत्या, माझ्या मनातले बोललीस. तथापि पत्रिकेवरच्या शब्दांचा प्रश्न उरतोच.

दादा, पाचोरा : आबा, मी आमच्या पाळकांना फोन केला होता. ते शब्द बदलायला तयार नाहीत. मुलीला मात्र प्रश्न पडले आहेत आणि तिच्यावर जबरदस्ती करणे मला पटत नाही. म्हणून तारीख पुढे ढकलतो आहे. माझे मत बदलले, असे कोणी समजू नये. मला वाचायला वेळ हवा आहे. आत्या, आपण काही दिवस येऊन योहानाचे १४ ते १७ अध्याय तिच्याबरोबर वाचाल का?

वहिनी, पाचोरा : आत्या, या. आणि आबांनाही घेऊन या. मागचे मी विसरले नाही, पण मुलीसाठी या.

आत्या, जळगाव : शनिवारी सकाळच्या गाडीने येते. दोघांनीही अध्याय १७ आधी वाचून ठेवा.

आबा, भुसावळ : मीही येतो. एक अट आहे, प्रार्थना दादाने करायची.