मदत हवी आहे : कॉट्सवोल्ड्समधल्या दगडी गडग्याला पोट आलंय

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमधलं छोटं गाव. घर आणि मेंढ्यांचं कुरण यांच्यामध्ये चुनखडीच्या चपट्या दगडांचा गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेली कुंपणाची भिंत आहे. उंची १.२ मीटर, पायाशी रुंदी ६० सेंमी, माथ्याला ३५. सिमेंट-चुना काही नाही. मधल्या दोनेक मीटरला कुरणाच्या बाजूने पोट आलंय. दोन्ही बाजूंच्या दर्शनी दगडांमधली आतली भर खाली बसलीय, त्यात कुणीतरी पूर्वी माती कोंबलेली. माती पाणी धरते, थंडीत गोठून फुगते आणि दर्शनी दगड बाहेर ढकलते. शिवाय तीन थरांचे सांधे एकावर एक आलेत. ते तर फुटणारच.

पायापर्यंत उतरवून, दोरी लावून, दगडाची लांब बाजू आत ठेवून पुन्हा रचायचा बेत आहे. अडतंय ते इथे :

१) हिमाने पापुद्रे सुटलेले दगड आतल्या भरीत चालतील का, की तिथेही भुगाच होईल?
२) आरपार जाणारे लांब दगड मिळत नाहीत. दोन्ही बाजूंचे दगड मध्यावर एकमेकांवर चढवले तर पुरेल?
३) गडग्याला लागून सार्वजनिक पायवाट आहे आणि गाव संरक्षित क्षेत्रात. होता तसाच बांधायचा असला, तरी उतरवण्याआधी डिस्ट्रिक्ट कौन्सिलची परवानगी लागते का?

कोकणात गडगे रचलेल्यांनीही जरूर सांगा.