'सुटलो बाबडो' म्हणणाऱ्यांना

अबोली (फोंडा)
काल इथं एकानं लिहिलं की नेदरलँड्समध्ये मे 2024 मध्ये 29 वर्षांच्या मुलीला नैराश्याच्या आजारापायी इच्छामरण मिळालं, तशी मुभा आपल्याकडच्या "बऱ्या न होणाऱ्या मनोरुग्णांना" पण हवी. पुढचं वाक्य: "त्यांची सुटका आणि घरच्यांचीही." खाली अंगठ्यांची रांग.

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे. बावीस वर्षं झाली. आमच्या वाड्यावर असा कुणी गेला की तिरडी उचलायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "सुटलो बाबडो." सुटला बिचारा. मी ते इतक्यांदा ऐकलंय की आता कोण कधी म्हणेल तेही मला कळतं. दादा दारात उभा असतो आणि तोही ऐकतो. माझं भांडण तुमच्या त्या दोन शब्दांशी आहे, 'आणि घरच्यांचीही'. मरणाची इच्छा त्याची की तुमची, हे आधी ठरवा.

त्या मुलीला परवानगी मिळायला साडेतीन वर्षं लागली, आणि त्याआधी असतील नसतील ते सगळे उपचार झाले होते. आपल्याकडे गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणचा माणूस दोन बसेस बदलून बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात येतो, रांगेत बसतो, आत पाच मिनिटं मिळतात, गोळ्या घेऊन परत. औषधाला पाच मिनिटं आणि मरणाला मात्र कायदा?

मांडवीकाठी
ते लिहिणारा मीच. 'घरच्यांचीही' हे लिहायला नको होतं, ते मागे घेतो. बाकी एक अक्षर घेणार नाही.

नेदरलँड्समध्ये 2024 साली इच्छामरणाची 9,958 प्रकरणं नोंदली गेली, त्यांत मानसिक आजाराची 219. याला लाट म्हणत नाहीत. आणि हे काही काल सुरू झालेलं नाही. दोन्ही मुलगे गमावलेल्या एका बाईला तिथल्या एका मानसोपचारतज्ज्ञानं मदत केली होती. तिला शरीराचा आजार काहीच नव्हता. 1994 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरला दोषी ठरवलं पण शिक्षा दिली नाही, आणि दुःख शरीराचं की मनाचं यावरून त्याची असह्यता ठरत नाही, हे मान्य केलं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानं लिव्हिंग विल आलं, म्हणजे बरं व्हायची आशा नसेल तर नुसतं जगवत ठेवणारे उपचार नकोत, असं आधीच लिहून ठेवायचं. आपल्याच उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या न्या. सोनक यांनी 2024 मध्ये स्वतःचं करून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे शरीर थकलेल्या माणसानं 'पुरे' म्हटलं तर तो शहाणा, आणि मन थकलेल्यानं म्हटलं तर ते आजाराचं लक्षण. माझी मावशी एकतीस वर्षं मागच्या खोलीत होती. शेवटची दहा वर्षं ती एकच वाक्य बोलायची, ते इथं लिहीत नाही. आम्ही सगळे तिला "असं बोलू नये गो" म्हणत राहिलो. ते तिच्यासाठी नव्हतं, आम्हाला ऐकवत नव्हतं म्हणून होतं.

अबोली (फोंडा)
मावशीचं वाचून वाईट वाटलं. पण एकतीस वर्षं मागच्या खोलीत ठेवल्यावर कुणीही तेच वाक्य बोलेल. खोलीचं दार उघडून बघितलं होतंत का?

219 थोडे म्हणता. 2010 मध्ये हा आकडा 2 होता. कॅनडानं 2021 मध्ये मानसिक आजारासाठी दार उघडायचं ठरवलं, मग दोनदा पुढे ढकललं, आता मार्च 2027. त्यासाठी आरोग्यव्यवस्थाच तयार नाही हे त्यांनी स्वतः कबूल केलं. कॅनडानं!

आणि मारुती दुबळ आठवतो का? मुंबईचा पोलीस शिपाई. अपघातानंतर मन बिघडलं. दुकान टाकायला परवाना मागत होता, दाद मिळेना, तेव्हा पालिकेच्या कचेरीतच जीव द्यायला निघाला. 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंतांच्या खंडपीठानं त्याच्या खटल्यात आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा मानणारं कलम 309 घटनाबाह्य ठरवलं. पुढे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती भूमिका फिरवली, तरी वकील मंडळी आजही तो निकाल 'मरण्याचा हक्क' म्हणून सांगतात. त्या माणसाला दुकान हवं होतं हो.

सत्तरीकरीण
मी आरोग्य केंद्रात परिचारिका होते, आता निवृत्त. अबोलीबाय, रागावू नकोस, पण बावीस वर्षांतली पहिली चार-पाच कुठं गेली ते सांग. मी सांगते. घाड्याकडे, भूतबाधा उतरवणाऱ्याकडे. आमच्याकडे येणारा प्रत्येक पेशंट आधी घाडी, मग कौल, मग देवचाराला, गावच्या राखणदाराला, नारळ, मग कुणीतरी सांगितलेला दुसरा घाडी, असा फिरून येतो. तोवर आजार हाडात मुरलेला असतो. 'बरा न होणारा' हा शिक्का डॉक्टर मारत नाही. ती वाया गेलेली वर्षं मारतात.

कुळागर
आलं, घाड्यावर आलंच! कुठलाही विषय असो, शेवटी आमच्या देवांवर घसरायचं. शहरातल्या दवाखान्यात माणसाला गोळ्या घालून लाकूड करतात त्यावर एक शब्द नाही.

माझी बहीण पंधराव्या वर्षी बोलायची थांबली. बाबा डॉक्टरकडे न्यायला तयार नव्हते, मुलीचं नाव खराब होईल म्हणून. आजीनं देवळात प्रसाद लावला: "पोरीला दवाखान्यात न्यावं काय?" मूर्तीला लावलेली उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. दुसऱ्या दिवशी बाबा बांबोळीला गेले. तुमच्या आरोग्य केंद्राचं कुणी त्यांना पटवू शकलं नव्हतं, देवीनं पटवलं. आज ती शिवणकाम करते, दोन मुलं आहेत.

सत्तरीकरीण
बाबा, तुझी बहीण बरी झाली याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. पण डावी पडली असती तर?

कुळागर
नाही पडली.

सत्तरीकरीण
माझ्या हाताखालून गेलेल्या पोरींत डावी पडलेल्याही होत्या. एकीला आणली तेव्हा ती एकोणतीसची होती, आजार सोळाव्या वर्षापासूनचा. आई सांगत होती, "दरवर्षी विचारतो, देव नको म्हणतो." ती माय काही वाईट नव्हती. तेरा वर्षं तिनं पोरीला स्वतःच्या हातानं भरवलं होतं.

कुळागर
तुम्हाला देऊळ पाडायचंय.

सत्तरीकरीण
मी स्वतः दर सोमवारी देवळात जाते, हे तुला सांगायची गरज नाही. मला एवढंच हवंय की प्रसाद लावणाऱ्या भटानं म्हणावं, "हा प्रश्न देवाला विचारायचा नाही, गाडी काढा." तुझ्या देवीनं तुझ्या बाबांना तेच सांगितलं ना?

कुळागर
...एवढं असेल तर मान्य. पण घाड्यांना शिव्या देऊन ते होणार नाही. आमच्या गावच्या भटाशी मीच बोलेन, तुम्ही नका बोलू.

मांडवीकाठी
धागा देवळात गेला. परत येऊया? अबोली, तुमचं म्हणणं 'आधी उपचार द्या, मग बोला'. हे ऐकायला बरं, पण उपचार कधीच पुरेसे होणार नाहीत, म्हणजे बोलायचंही कधी नाही. तोवर माझ्या मावशीसारख्यांनी काय करायचं?

सत्तरीकरीण
उपचार होत नाहीत असं कसं म्हणता? याच गोव्यात, साध्या आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका करवल्या. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेलांच्या गटाचं ते काम 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि लोकांना फरक पडल्याचं दिसलं. जगभर त्याचं नाव झालं. आमच्या तालुक्यातल्या किती घरांपर्यंत ते पोचलं, हे मी रोज बघत होते.

हे रात्री वाचून कुणाला जड झालं तर टेली-मानस, सरकारी हेल्पलाइन, 14416. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

पणतीवात
मी सहसा लिहीत नाही. मला बायपोलर आहे, मन कधी टोकाचं वर तर कधी टोकाचं खाली जाणारा आजार, चौदा वर्षं. इथं बहीण बोलली, भाचा बोलला, नर्सबाई बोलल्या, भाऊ बोलला. ज्याचा आजार तो एकही बोलला नाही.

मला असा कायदा हवा का, याचं माझं उत्तर महिन्यागणिक बदलतं. मांडवीकाठी, म्हणून तुमचा कायदा माझ्या हातात द्यायची मला भीती वाटते. वाईट महिन्यातली मी सही करून मोकळी होईन. पण अबोलीताई, उत्तर बदलतं म्हणून माझं कुठलंच उत्तर कुणी धरत नाही, चांगल्या महिन्यातलंसुद्धा नाही. 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून माझा फोन, पगार, लग्न, सगळं इतरांनी ठरवलं. मरण सोडा, मला जगण्याचंही विचारत नाहीत.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 5 आहे. बरी असताना मी लिहून ठेवू शकते: मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, माझ्या वतीनं कोण बोलेल. मी लिहिलं. ते घेऊन मी जिथं गेले, तिथल्या टेबलावरच्या माणसानं असा कागद कधी बघितलाच नव्हता. त्यानं माझ्या भावाकडे बघून विचारलं, "हे काय?"

अबोलीताई, दादाला कधी विचारलंत? मरणाचं नव्हे. काहीही.

मांडवीकाठी
हे मला लागलं. मावशीच्या त्या वाक्यावर तिलाही कुणी पुढचा प्रश्न विचारला नव्हता. मीही नाही. कायद्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण आज वाद घालत नाही.

अबोली (फोंडा)
दोन दिवस लिहिलं नाही कारण उत्तर नव्हतं. बावीस वर्षांत मी डॉक्टरांना विचारलं, आईला विचारलं, देवालाही विचारलं. त्याला नाही.

काल संध्याकाळी विचारलं. म्हटलं, दादा, तुला काय बदलून हवंय? बराच वेळ गप्प होता, मला वाटलं ऐकलंच नाही. मग कप खाली ठेवून म्हणाला, "हात कापता. च्या सांडता. म्हूण हांव लोकां मुखार पियेना."

हात थरथरतात, चहा सांडतो, म्हणून तो लोकांसमोर पीत नाही. मी समजत होते त्याला माणसं नकोशी झालीत.

सोमवारी बांबोळीला जातोय. कागदावर दोन्ही गोष्टी लिहून घेतल्यात, हात थरथरतात ते आणि कलम 5. पणतीवात, तुमचा तो कागद कसा लिहिला होता, मला नमुना पाठवाल?