जुलैत होक्काइदो : युबारी मेलॉन कुठे आणि कसं घ्यावं?

मुळाकाठ
आई-बाबा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून येताहेत. आधी तोक्यो, मग जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं साप्पोरो आणि फुरानोची लॅव्हेंडरची शेतं. बाबांना खरबूज अतिशय प्रिय, म्हणून त्यांना होक्काइदोतल्या युबारी गावचं केशरी खरबूज, म्हणजे अस्सल युबारी मेलॉन, खाऊ घालायचंय. इथल्या एका मोठ्या दुकानात लाकडी पेटीत एकच फळ ठेवलेलं पाहिलं आणि किंमत वाचून परत फिरले. चवीसाठी पेटीतलंच घ्यावं लागतं का? आणि फुरानोत मिळतं तेही युबारीच का? सोबत एखादं पुण्याला नेता आलं तर फारच छान.

साप्पोरोकर
पेटीतलं मुळीच घेऊ नका. ते भेट द्यायचं फळ असतं. तोकुशू, शू, यू, र्यो अशा उतरत्या क्रमाने प्रती लावतात आणि त्यात गोडीबरोबर आकाराचा गोलपणा नि सालीवरच्या जाळीचा रेखीवपणाही धरतात. यू किंवा र्यो प्रतीचं फळ घरी खायला उत्तम. जाळी थोडी विस्कटलेली असेल, इतकंच. पाटीवर 'वाकेआरी' लिहिलं असेल तर काहीतरी खोट आहे म्हणून स्वस्त, असा अर्थ. ती खोट काय ते विचारून घ्या. बहुतेकदा सालीवरचा ओरखडा असतो.

बातम्यांत येणाऱ्या प्रचंड किमती लिलावातल्या असतात. मे महिन्याच्या शेवटी साप्पोरोच्या घाऊक बाजारात हंगामातला पहिला लिलाव होतो. 2019 साली तिथे दोन फळांच्या जोडीला 50 लाख येन मिळाले. जुलैत भाव खूपच खाली आलेले असतात आणि फळही ऐन भरात असतं, तेव्हा तुमची वेळ अगदी योग्य आहे.

हे वाण म्हणजे 'युबारी किंग'. अर्ल्स फेव्हरिट आणि स्पायसी कँटलोप यांचा संकर. गोडी पहिल्याची, केशरी गर दुसऱ्याचा. 1960 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी संघटना उभी केली आणि पुढे याच फळावर गाव तगलं. युबारी मुळात कोळशाच्या खाणींचं. एकेकाळी लाखावर वस्ती होती. शेवटची खाण 1990 मध्ये बंद पडली, 2007 मध्ये नगरपालिकेची दिवाळखोरी जाहीर झाली. आता दहा हजारसुद्धा माणसं उरली नाहीत, पण मेलॉनची शेती टिकली. म्हणून मी तरी शक्यतो तिथल्या शेतकऱ्यांचंच घेतो. बाबांना हे नक्की सांगा, चव वेगळी लागेल.

खाताना : 'ताबेगोरो' म्हणजे खायची योग्य तारीख. चिठ्ठी असेल तर ती पाळा. नसेल तर देठाच्या विरुद्ध टोकाला अंगठ्याने हलकेच दाबून पाहा. किंचित लवचीक लागलं आणि वास सुटला की तयार. तोवर फ्रिजबाहेर ठेवा, खायच्या आधी दोनेक तास आत. फार गार केलं तर गोडी जाणवत नाही. देठाकडची बाजू कमी गोड असते, म्हणून फोडी उभ्या करा, प्रत्येकाच्या वाट्याला गोड टोक येतं. आणि साखर लावू नका! आपल्याकडे फळ फिकं निघालं तर साखर पेरतो ते ठीक, इथे गरज नाही.

जास्वंद
फुरानोचं वेगळं. युबारी हे नाव फक्त युबारीत पिकलेल्या फळालाच लावता येतं, 2015 च्या डिसेंबरात जपानने पहिली भौगोलिक मानांकनं दिली त्यात ते होतं. हापूसच्या पेटीवर देवगड लिहिलेलं आपण पाहून घेतो, तसंच समजा. पण फुरानोचं मेलॉनही केशरी गराचं आणि सुंदर असतं. नाकाफुरानोत तोमिता मेलॉन हाउसला कापलेली फोड मिळते. लॅव्हेंडर पाहून तिकडेच जा, आई-बाबांना अख्खं फळ संपवायची घाई करावी लागणार नाही. दोन्हींच्या फोडी खाऊन पाहा आणि बाबांना कोणतं आवडलं ते इथे लिहा.

हिरवा_देठ
पुण्याला ताजं फळ नेऊ नका. वनस्पती संगरोधाचे नियम कडक आहेत, विमानतळावर काढून घेतील. त्याऐवजी साप्पोरोजवळच्या न्यू चितोसे विमानतळावर युबारी मेलॉनची जेली मिळते. शाकाहारी असतील तर घटक दुकानात विचारून घ्या.

मुळाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार! प्रत्यक्ष युबारीला जाऊन यावं का? आईला जास्त चालवत नाही.

साप्पोरोकर
गाडी भाड्याने घेणार असाल तर जा. गावात जाणारी जुनी रेल्वेशाखा 2019 च्या एप्रिलपासून बंद आहे, पण शिन-युबारी स्थानकावर एक्स्प्रेस थांबते आणि स्थानकाजवळच 'मेरोडो' हा महामार्गावरचा थांबा आहे. हंगामात तिथे मेलॉन विकायला असतात. सकाळी लवकर पोहोचा, खोट असलेली स्वस्त फळं आधी संपतात.