राजपक्षाचे घोडदळ पटावर आवरत नाही: उपाय काय?

प्रश्न

इंग्लंडमधील यादवी युद्धावर (१६४२ ते १६५१) आधारलेला लघुप्रतिमांचा युद्धखेळ आमचा गट नियमितपणे खेळतो. २८ मिलिमीटरच्या प्रतिमा, सहा बाजूंचे फासे आणि मोजपट्टी असे नेहमीचेच साहित्य आहे. अडचण अशी आहे की राजपक्षाचा (राजाच्या बाजूचा) खेळाडू पहिल्या दोन फेऱ्यांतच समोरच्या संसदेच्या सैन्याच्या बगलेवर (कडेच्या फळीवर) घोडे घालतो, ती बगल मोडते आणि पुढच्याच फेरीत तेच घोडदळ वळून संसदेच्या पायदळाच्या पाठीवर येते. त्यानंतर मधल्या फळीतील भालाईत आणि बंदूकधारी यांनी काहीही केले तरी डाव हातचा जातो. घोडदळाचे गुणांक कमी करावेत, असे काही सदस्यांचे मत आहे. परंतु तसे केल्यास राजाच्या घोडदळाचा सेनानी प्रिन्स रूपर्ट याच्या स्वारांचा जो दरारा होता तोच पटावरून नाहीसा होईल, असे मला वाटते. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

पहिला प्रतिसाद

गुणांकांना मुळीच हात लावू नये. आपल्या वर्णनातील पहिला भाग, म्हणजे बगल मोडणे, इतिहासाला धरूनच आहे. खटकतो तो दुसरा भाग. २३ ऑक्टोबर १६४२ रोजी एजहिलच्या लढाईत राजाच्या घोडदळाने संसदेच्या दोन्ही बगला उधळून लावल्या, पण रूपर्टचे स्वार पळणाऱ्यांच्या मागे काइनटन गावापर्यंत गेले आणि तेथे बाजारबुणग्यांच्या लुटीत अडकले. त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या पाठीशी राखीव ठेवलेली फळीही पाठलागाच्या भरात त्यांच्याबरोबर निघून गेली. इकडे संसदेकडे बाल्फर आणि स्टेपलटन यांच्या हाताखाली थोडेसे घोडदळ शिल्लक होते, ते राजाच्या उघड्या पडलेल्या पायदळावर तुटून पडले. निशाण सांभाळणारे सर एडमंड व्हर्नी मारले गेले आणि राजाचे निशाणही काही काळ शत्रूच्या हाती गेले. रूपर्टचे स्वार परतले तेव्हा दिवस कलला होता आणि घोडी दमलेली होती.

म्हणून पाठलागाचा नियम कडक करावा. आमच्या गटात घोडदळाच्या तुकडीने समोरच्यांना मोडले की त्या तुकडीसाठी लगेच एक फासा टाकला जातो: पाच किंवा सहा पडले तर ती जागेवर थांबते, अन्यथा पळणाऱ्यांच्या मागे पूर्ण वेगाने जाते. सेनानायक स्वतः त्या तुकडीसोबत असेल तर फाशात एक मिळवावा. मागच्या फळीतील तुकडी सहा इंचांच्या आत असेल, तर तिनेही हीच परीक्षा द्यावी. एजहिलचा धडा नेमका येथे कामी येतो आणि खेळाडू दुसरी फळी जाणीवपूर्वक लांब ठेवू लागतात. पटाबाहेर गेलेल्या तुकड्या पटाच्या कडेवर, घोड्यांची तोंडे बाहेरच्या बाजूला करून ठेवाव्यात. पुढच्या प्रत्येक फेरीत सहा पडले तरच त्या परत येतील, आणि आल्यावर थकव्यामुळे लढाईत एक फासा कमी टाकतील.

दुसरा प्रतिसाद

वरील नियम मला पटतो, मात्र तो केवळ राजपक्षाला लावू नये. राजाचे घोडदळ क्वचितच पुन्हा एकत्र येत असे आणि संसदेचा सेनानी क्रॉमवेल याचे लगेच येत असे, हा फरक समकालीन इतिहासकार क्लॅरेंडन यांनीही नोंदवला आहे. तरीही तो पक्षाचा गुण मानणे योग्य नाही. जुलै १६४३ मध्ये राउंडवे डाउनच्या लढाईत राजाच्याच घोडदळाने आधी संसदेचा सेनानी वॉलर याचे घोडदळ पिटाळले आणि नंतर परतून त्याच्या पायदळाचा मोड केला. उलट २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूरच्या लढाईत सर थॉमस फेअरफॅक्सची संसदेकडील बगल राजपक्षाच्या गोरिंगने मोडली. तेव्हा फेअरफॅक्सने टोपीवरची आपल्या पक्षाची पांढरी खूण काढून टाकली, शत्रूच्या गर्दीतून वाट काढली आणि तो दुसऱ्या बगलेवरील क्रॉमवेलला जाऊन मिळाला. क्रॉमवेलने मात्र विजयानंतर आपले स्वार आवरून धरले होते, म्हणूनच तो मैदानाला वळसा घालून गोरिंगवर मागून जाऊ शकला.

यासाठी प्रत्येक तुकडीला स्वतंत्र शिस्तीचा अंक द्यावा, असे मी सुचवीन. क्रॉमवेलच्या स्वारांना तीन किंवा त्याहून अधिक पडले तरी थांबता यावे, इतरांना पाच लागावेत. यामुळे १६४२ ची लढाई आणि १६४५ ची लढाई पटावर वेगवेगळ्या वाटतात, आणि या काळातील खेळाची खरी गोडी तीच आहे.

तिसरा प्रतिसाद

मैदानाकडेही लक्ष द्यावे. सपाट आणि मोकळा पट घोडदळाच्याच सोयीचा असतो. नेझबीच्या लढाईत संसदेकडील ओकीच्या ड्रॅगूनांनी (घोड्यावरून येऊन पायी लढणाऱ्या बंदूकधाऱ्यांनी) घोड्यांवरून उतरून सल्बीच्या कुंपणाचा आडोसा घेतला आणि पुढे जाणाऱ्या रूपर्टच्या बगलेवर गोळ्या झाडल्या. कुंपणाची एकच लांब रेघ आणि तिच्यामागे ड्रॅगूनांची एक तुकडी एवढ्याने घोडे घालण्याची दिशा ठरून जाते. शिवाय पायदळात साधारणपणे दोन बंदूकधाऱ्यांमागे एक भालाईत असे प्रमाण असेल, तर तोड्याच्या बंदुका पुन्हा भरून होईपर्यंत त्यांना भाल्यांच्या आड उभे राहता आले पाहिजे. आपल्या नियमांत ही सोय नसेल, तर ती अवश्य करावी.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिस्तीचा अंक आणि पाठलागाची परीक्षा या दोन्ही गोष्टी घेऊन पुढचा डाव १४ जून १६४५ च्या नेझबीचा मांडण्याचे आम्ही ठरवले आहे. एक शंका उरते: संसदेचे सामानाचे गाडे पटावर ठेवावेत का, आणि ठेवले तर त्यांच्या रक्षकांना लढू द्यावे का?

पहिला प्रतिसाद देणारे

दोन्ही अवश्य करावे. नेझबीला रूपर्ट गाड्यांपर्यंत पोहोचला, परंतु रक्षकांनी शरण येण्यास नकार दिला, आणि तो मागे वळेपर्यंत राजाचे पायदळ हातचे गेले होते. रक्षकांची बंदूकधारी तुकडी गाड्यांपासून हलू शकणार नाही, पण गोळीबार पूर्ण ताकदीने करील, असे ठेवावे. पाठलागावरील तुकडी गाड्यांपासून बारा इंचांच्या आत आली की तिने तिकडेच वळले पाहिजे.