मदत हवी आहे: डॉस ६.२२ ची बूट होणारी फ्लॉपी इमेज

मंडळी, लिनक्सवर एमएस-डॉस ६.२२ (मायक्रोसॉफ्टची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम) सुरू करणारी १.४४ एमबीची फ्लॉपी इमेज, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलमधली नक्कल, बनवतोय. डीडी कमांडने १४,७४,५६० बाइटची रिकामी फाइल केली, ती एमकेएफएस कमांडने फॅट१२ (फ्लॉपीची फाइल सिस्टीम) मध्ये फॉरमॅट केली, मग इमेजमध्ये फाइल टाकणाऱ्या एमकॉपीने आयओ.सिस, एमएसडॉस.सिस, कमांड.कॉम या डॉसच्या मुख्य फाइल याच क्रमाने टाकल्या. तरी क्यूईएमयूत (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) 'ही बूट होणारी डिस्क नाही' असाच संदेश येतो. येणारच म्हणा, बूट सेक्टर (डिस्कचे पहिले ५१२ बाइट, ज्यात सिस्टीम सुरू करणारा कोड असतो) अजून एमकेएफएसने लिहिलेलाच आहे.

डॉसचा बूट सेक्टर लिहिण्याचं काम डॉसची सिस कमांड (सिस.कॉम) करते, पण ती चालवायला आधी डॉस हवं! माझ्याकडे त्याच डॉसच्या ७२० केबी बूट फ्लॉपीची इमेज आहे, पण तिच्यात सिस.कॉम नाही. तिचे पहिले ५१२ बाइट उचलले तर डिस्कच्या मापांचा तक्ताही ७२० चाच येईल. तो तेवढा वगळून फक्त कोड घेतला तर चालेल का? नेमके कितव्या बाइटपासून?