'इळैय निला' गिटारवर बसवतोय, कॉर्ड जुळतात पण गाणं काही ते वाटत नाही

कॅपोवाला_कोथरूड

मंडळी नमस्कार, जरा मदत हवीये. बायको कोइंबतूरची आहे आणि सासरे यंदा साठ पूर्ण करतायत. त्यांच्याकडे साठीचं मोठं प्रस्थ असतं, नवराबायकोचं परत लग्नच लावतात, विधी तिरुक्कडैयूरच्या देवळात आणि मग दोन दिवसांनी घरी सगळा गोतावळा जमणार. मेव्हण्याने मला न विचारता जाहीर करून टाकलंय की संध्याकाळी माप्पिळ्ळै (म्हणजे जावई, म्हणजे मी) गिटारवर 'इळैय निला' वाजवणार. सासऱ्यांच्या कॉलेजच्या दिवसातलं गाणं, १९८२ चा 'पयणंगळ मुडिवदिल्लै', संगीत इलयाराजा, आवाज एसपीबी (एस. पी. बालसुब्रमण्यम). तमिळ ऐकत नसाल तरी चाल माहीत असणार कारण पुढच्याच वर्षी हिंदीत 'कलाकार' मध्ये किशोरकुमारचं 'नीले नीले अंबर पर' म्हणून तीच आली.

आता 'नीले नीले' कोण वाजवत नाही, कॉलेजात गिटार हातात घेतली की तिसरं चौथं गाणं तेच. बी मायनर, ए, जी, आणि डाऊन डाऊन अप अप डाऊन अप. म्हटलं शब्द बदलायचे, झालं काम. तर बायकोने अर्धा मुखडा ऐकला आणि म्हणाली हे लोणावळ्याच्या ट्रिपमधलं गाणं वाटतंय, आमचं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतंय. कॉर्ड चुकत नाहीयेत, सूर जुळतोय, पण ते ओरिजिनलमधलं जे झरझर वाहणं आहे ते येतच नाही.

तर प्रश्न असे की सुरुवातीचं प्लकिंग (म्हणजे एकेक तार बोटाने छेडणं) कसं बसवायचं, मी आत्तापर्यंत कायम पिकनेच, म्हणजे त्या प्लास्टिकच्या चकतीनेच वाजवलंय. दुसरं म्हणजे यूट्यूबवरच्या गाण्याबरोबर वाजवायला गेलो की गिटार ट्यूनरवर लावलेली असूनही थोडं वरखाली लागतं. आणि बी मायनरचा बार (एकाच बोटाने आडव्या सगळ्या तारा दाबणं) धरून डावं मनगट गाण्याच्या मध्यावरच बोंबलतं. दीडेक महिना आहे हातात. तमिळ वाचता येत नाही, ऐकून ऐकून पाठ करतोय.

सहा_तारा

बायको बरोबर आहे तुझी :)

हे बघ, गडबड कॉर्डमध्ये नाहीये, तू कॉर्ड चार्ट घेऊन बसलायस ही गडबड आहे. आपल्याकडे गाणं गिटारवर घ्यायचं म्हणजे कॉर्ड शोधायच्या आणि त्यावर एक स्ट्रमिंग लावायचं अशी सवय, आणि बऱ्याच गाण्यांना ती चालूनही जाते, पण इलयाराजाच्या गाण्यांना नाही चालत कारण त्या माणसाने गिटारसाठी वेगळा पार्ट लिहिलेला असतो, अक्षरशः कागदावर, नोटेशनमध्ये, प्रत्येक वादकाला त्याचं त्याचं. तो स्वतः गिटारवाला आहे, संगीतकार व्हायच्या आधी दुसऱ्यांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, चेन्नईत धनराज मास्तरांकडे वेस्टर्न शिकला आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची क्लासिकल गिटारची परीक्षा दिलेली आहे. 'इळैय निला'ची गिटार आर. चंद्रशेखर यांनी वाजवलीये, राजाच्या टीममधले नेहमीचे गिटारिस्ट. तर तिथे गिटार गायकाच्या मागे उभी नाहीये, शेजारी उभी आहे. तू ती मागे ढकललीस म्हणून गाणं ओळखू येत नाहीये.

म्हणून पहिलं काम, उजवा हात. पिक ठेवून दे ड्रॉवरमध्ये. अंगठा वरच्या तीन जाड तारांसाठी, तर्जनी तिसऱ्या तारेला, मधलं बोट दुसरीला, अनामिका पहिलीला, आणि ही बोटं आपापल्या तारेवरून हलवायची नाहीत. साध्या ए मायनरवर सुरू कर: अंगठा पाचव्या तारेवर, मग तर्जनी, मधलं, तर्जनी, अनामिका, तर्जनी, मधलं, तर्जनी. आठ झाले, केरव्याच्या आठ मात्रा समज. ही गाण्यातली हुबेहूब सुरावट नाहीये, हात तयार करायला आहे. ओरिजिनल ओळ यावरनंच पुढे कानाने पकडायची. मेट्रोनोम साठवर ठेव आणि आठही आवाज सारखे येईपर्यंत वाढवू नकोस. सगळ्यांचं होतं काय की अनामिका कमजोर असते, तिचा सूर दबतो आणि मग आख्खं प्लकिंग लंगडतं. नखं थोडी ठेव उजव्या हाताची.

हे झोपेत यायला लागलं की मगच डावा हात बदलायचा. ए मायनरवरून जी, जीवरून एफ, आणि बदलताना अंगठ्याची तार बदलते हे लक्षात ठेव, ए मायनरला पाचवी, जी ला सहावी, छोटा एफ धरलास तर चौथी. इथेच बहुतेकांचा हात थबकतो आणि वाहणं जातं ते इथेच जातं.

अजून एक. बेस ऐक. हेडफोन लावून फक्त बेस गिटार ऐक दोन दिवस. राजाच्या गाण्यांत बेस कॉर्डचा पहिला सूर धरून बसत नाही, तो स्वतःची चाल घेऊन फिरत असतो. एकट्या गिटारवर ते सगळं येणार नाही पण एखाद्या ठिकाणी जी वाजवताना अंगठा सहाव्या तारेऐवजी पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरच्या (दांड्यावरच्या दुसऱ्या घरातल्या) बी वर टाकला आणि मग सी वर गेलास की कान टवकारतात लोकांचे. तेवढंच पुरे.

पेटीवाले_काका

गिटार मला येत नाही, हार्मोनियम वाजवतो, पण पट्टीच्या प्रश्नावर बोलू शकतो. अहो, तुमचा ट्यूनर बरोबर आहे, गाणंच किंचित सरकलेलं असणार. त्या काळात सगळं टेपवर, आणि मग कॅसेट, आणि ती कॅसेट कुणीतरी घरच्या डेकवरून काढून चढवलेली, प्रत्येक वेळी मशीनची गती जराशी इकडेतिकडे झाली की पट्टी पाव सूर हलते. एकाच गाण्याच्या दोन अपलोडमध्ये फरक सापडेल तुम्हाला, लावून बघा. त्यामुळे बरोबर वाजवायचंच असेल तर गिटार गाण्याला लावा, ट्यूनरला नाही. किंवा ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात गाणं घेऊन पट्टी थोडी वरखाली करता येते आणि लयही कमी करता येते सूर न बदलता. नुसती लय कमी करायची असेल तर यूट्यूबच्या सेटिंगमध्येच ०.७५ आहे.

पण माझा खरा सल्ला वेगळा. तुम्ही गाणार आहात ना? मग ओरिजिनल पट्टीचा नाद कशाला? बालसुब्रमण्यम ज्या सहजतेने वर जातात तिथे आपण गेलो की शिरा दिसतात गळ्याच्या. बी मायनर म्हणजे पांढरी सात, पेटीची सातवी पांढरी पट्टी. तुमचा आवाज आधी बघा, अंतऱ्यात सगळ्यात वरचा सूर न ओरडता लागतोय का ते बघा, आणि तिथून खाली मोजत पट्टी ठरवा. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, असताना बार धरत बसायचं कारणच नाही. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ए मायनर धरलात की बी मायनरच येतो, ए च्या जागी जी, जी च्या जागी एफ, ई मायनरच्या जागी डी मायनर. आवाज खालचा असेल तर कॅपो काढून टाका, पांढरी सहा झाली. नावातच कॅपोवाला आहात म्हणून विचारतो, तो नेमका कशाला वापरता?

कॅपोवाला_कोथरूड

काका :D रास्त प्रश्न. कॅपो आहे, पण 'नीले नीले' पहिल्यापासून बार धरून शिकलो म्हणून डोक्यातच आलं नाही की तो हलवता येतो.

मुक्काम_चेन्नई

मी चौदा-पंधरा वर्षं इकडे आहे, कंपनीच्या कामाने आलो आणि राहिलोच. इथे लग्नात, देवळाच्या उत्सवात लाइट म्युझिकवाले येतात, म्हणजे आपला ऑर्केस्ट्राच, आणि त्यात हे गाणं निघालं की गायकाने तोंड उघडायच्या आधी टाळ्या पडतात, गिटारच्या पहिल्या दोन सुरांना. मुद्दाम सांगतोय कारण तुझ्या सासऱ्यांच्या वयाच्या लोकांसाठी ती सुरुवातच म्हणजे गाणं आहे. ती चुकली तर पुढे कितीही गोड गा, माफ करतील पण हसून माफ करतील. म्हणून दीड महिन्यातला एक महिना नुसत्या सुरुवातीला दिलास तरी चालेल असं मी म्हणेन.

उच्चाराचं: 'इळैय' मधला ळ आपलाच, बिनधास्त म्हण, हिंदीवाले तिथे ल करतात आणि लगेच कळतं. पण पुढच्या 'पोळिगिरदे' मध्ये जो आहे तो ळ नाही, मी लिहिलंय तसं पण म्हणू नकोस, जीभ मागे वळवून टाळूला न टेकवता सोडायची असते, र आणि य च्या मधलं काहीतरी. बायकोकडून दहा वेळा म्हणवून घे, देवनागरीत बघून नाही येणार. शब्द वैरमुत्तूंचे आहेत, अर्थ पण विचारून घे तिला, कुठे श्वास घ्यायचा ते त्याशिवाय कळत नाही. माझा इथला एक मित्र (मराठीच) वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यायचा आणि समोरचे गोंधळून बघायचे.

डाऊन_डाऊन_अप

मी जरा उलटं बोलतो. तुम्ही सगळे त्याला रेकॉर्डिंगला बसवताय का? घरगुती कार्यक्रम आहे, हॉलमध्ये पन्नास माणसं, पोरं पळतायत, आतून भांड्यांचा आवाज, दुसऱ्या ओळीपासून सगळ्या मावश्या आत्या गायला लागणार. त्यात एकट्या गिटारचं बोटांनी वाजवलेलं प्लकिंग तिसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नाही, मी केलंय हे माझ्या भावाच्या हळदीला, मला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं. स्ट्रमिंगला नावं ठेवू नका, माणसांना गायला लय हातात द्यावी लागते. सुरुवात प्लकिंगने कर, मुखडा एकदा प्लकिंगवर गा, आणि लोक गायला लागले की हळूच स्ट्रमिंगवर ये. फक्त ते डाऊन डाऊन अप अप नको (माझं नाव काही का असेना), प्रत्येक मात्रेला हलका डाऊन, तळव्याची कड तारांवर टेकवून, म्हणजे लयही राहील आणि ट्रिपचं गाणंही होणार नाही.

आणि तारा कुठल्या आहेत? बारा नंबरचा सेट असेल तर बदल, दहाचा नाहीतर अकराचा लाव, मनगटाचं दुखणं निम्मं होईल. दुकानात दिलास तर अॅक्शन पण बघायला सांग, बाराव्या फ्रेटपाशी तार फार उंच असेल तर थोडी खाली घेतील. पण हे सगळं आत्ताच कर, जायच्या आदल्या दिवशी नवीन तारा लावू नकोस, ताणत राहतात आणि ट्यूनिंग उतरतं.

सहा_तारा

डाऊनभाऊ, पन्नास माणसांचा मुद्दा मान्य. पण मग त्याने माइक घ्यावा ना, पार्ट कशाला सोडायचा? लाइट म्युझिकवाल्यांचं एवढं सांगितलं चेन्नईकरांनी. मेव्हण्याने जाहीर केलंय तर मेव्हण्याला एक छोटा स्पीकर आणि दोन माइक आणायला लाव, एक तोंडाशी, एक गिटारच्या भोकाच्या जरा बाजूला, बाराव्या फ्रेटच्या दिशेने. बरोब्बर भोकासमोर ठेवलास तर नुसतं घुमतं. तरी मुखडा प्लकिंगवर आणि गर्दी झाल्यावर स्ट्रमिंग हे चालेल, ते मी ओढूनताणून का होईना मान्य करतो.

कॅपोवाला_कोथरूड

सगळ्यांना खूप धन्यवाद, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. काल रात्रीपासून पिक बंद. कॅपो लावून ए मायनरवर आठ आठ चालू केलंय, अनामिका खरंच मेलेली आहे. आवाज तपासला काका, अंतरा कॅपोशिवायच जमतोय, त्यामुळे पांढरी सहा फायनल. अकराच्या तारा शनिवारी लावून घेतो.

एक राहिलं, मुखडा आणि अंतऱ्याच्या मधले म्युझिक पीस, त्यांचं काय करू? एकट्या गिटारवर ते सगळं कसं येणार? आणि दोन्ही पीस वेगवेगळे आहेत, ते पाठ करण्याचा धीर नाही आत्ता.

सहा_तारा

नको करूस. मुखडा, सुरुवातीचंच प्लकिंग परत एकदा, सरळ पहिला अंतरा, मुखडा, संपव. दुसरा अंतरा लोकांनी मागितला तर. पीसमधला एखादा छोटा तुकडा पहिल्या दोन तारांवर कानाने सापडतोय का बघ, सापडला तर तेवढाच टाक अंतऱ्याच्या आधी, मावश्या तो तोंडाने पुरा करतील.

आणि हे बसलं की घरी परत आल्यावर 'एन इनिय पोन निलावे' घे, १९८० चा 'मूडु पनि', राजाचंच, येसुदासांचा आवाज. तेही गिटारचंच गाणं आहे, राग कर्नाटकी नटभैरवी, म्हणजे आपल्या हिशेबात आसावरी थाट, ग ध नि कोमल. काका, तुम्हाला पेटीवर घ्यायला आवडेल ते.

पेटीवाले_काका

ऐकलं आत्ताच. आसावरी थाटाचे सूर आहेत खरे, पण आपल्या आसावरीचा मागमूस नाही, चलन पूर्ण वेगळं. परत लावतो. कॅपोवाले, तेवढं ते मेव्हण्याला माइकचं आत्ताच सांगून ठेवा, स्टँडसकट.

मुक्काम_चेन्नई

आणि कार्यक्रमाच्या आधी सासऱ्यांच्या नकळत बायकोच्या एखाद्या काकाला फोनवर सुरुवात ऐकव. ओळखलं तर ठीक. 'नीले नीले' म्हणाला तर अजून एक आठवडा प्लकिंग.