खेळगटात नुसतं खेळतातच, मग बालवाडीची तयारी कशी होणार?

चिंगीचीआई:
मुलगी 2 वर्षं 9 महिन्यांची आहे, चार महिन्यांनी बालवाडीत जाईल. जवळच्या वाचनालयात आठवड्यातून दोनदा लहान मुलांचा खेळगट भरतो, फी नाही पण पालकांनी सोबत बसायचं अशी अट आहे. दोनदा जाऊन आले तर नुसती माती, मणी, गाणी आणि एक गोष्ट, अक्षर नाही की आकडा नाही. सासूबाई म्हणतात त्यापेक्षा घरीच पाटी दे. आणि ही बया माझ्या मांडीवरून उतरतच नाही, मग जाऊन उपयोग काय?

खडूवालीताई:
असा गट बरीच वर्षं चालवलाय म्हणून सांगते, मणी ओवणं हीच लिहायची तयारी आहे. या वयात बरीच मुलं खडू मुठीत धरतात, तीन बोटांत धरायला अजून वेळ असतो, तोवर बळंच गिरवायला लावलं की बोटं दुखतात आणि मग पाटी दिसली की पोरं पळ काढतात. कागद फाडू दे, गोळे वळू दे. गाण्यातल्या यमकांनी कान तयार होतो, पुढे अक्षर आणि आवाज जुळवताना तोच कामी येतो. आणि खरं सांगू का, बालवाडीच्या बाईंना क ख ग येणाऱ्या मुलापेक्षा 'शू आली' सांगणारं आणि चप्पल आपली आपण घालणारं मूल जास्त आवडतं 😄 मांडीवर बसून बघतेय ना, बघू दे.

बाबा_ऑनड्यूटी:
गट कसा आहे त्यावर पण आहे हं. आमच्या आधीच्या गटात पंचवीस मुलांमागे एकच ताई, पालक सगळे मागे मोबाइलमध्ये (मी पण), सोडून दिला. नंतरच्या गटात ताई गोष्ट मध्येच थांबवून 'आता काय होईल?' विचारायच्या, ते मी घरी उचललं आणि मुलगा दोन शब्दांवरून लांबलचक थापा मारण्यापर्यंत पोचला.

जुनीखोड:
फक्त चार महिन्यांत फार अपेक्षा नको. अमेरिकेतला हेड स्टार्टसुद्धा (गरीब घरातल्या लहान मुलांना शाळेसाठी तयार करणारा सरकारी कार्यक्रम) 1965 मध्ये आठ आठवड्यांचा उन्हाळी कार्यक्रम म्हणून सुरू झाला आणि पुढे वर्षभराचा झाला. बालवाडी सुरू झाल्यावरही घरी गोष्ट-गाणी चालू ठेवा.

चिंगीचीआई:
थँक्यू सगळ्यांना. आज परत गेलो, मांडी काही सुटली नाही, पण घरी येऊन बाहुलीला दरडावत होती, 'थांब, तुझा नंबर नाही आला अजून'. पाटी माळ्यावर टाकलीये. आता ते 'शू आली' कसं शिकवायचं तेवढं सांगा कुणीतरी, डायपर सुटायचं नावच घेत नाहीये.